दुओदा कुणाची लेक?

प्रिय मीना,

सप्रेम नमस्कार.

मी पाठवलेली नवव्या शतकातल्या एका फ्रँक (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागातल्या) सरदार घराण्याची वंशावळ पाहून तू एकच प्रश्न विचारलास, “ही दुओदा कुणाची लेक?” तिच्या नावाच्या वर मी दोन चौकटी काढल्या होत्या, वार्नारिउस आणि रोथलिंदिस. चक्क शाईने. तुझं पत्र आल्यावर सगळं पुन्हा वाचायला घेतलं आणि काल त्या दोन्ही चौकटी खोडल्या. का खोडल्या ते सविस्तर लिहिते.

फ्रँक सरदार घराण्यांचं अवघडपण असं की त्या काळी आडनाव नाही. एकच नाव, आणि तेही घरातल्या घरात फिरणारं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आपल्याकडे होती तशीच तिथेही. दुओदाचा थोरला मुलगा विल्यम, कारण तिचे सासरे विल्यम. त्यामुळे नाव सारखं दिसलं की नातं जोडायचा मोह होतो. मलाही झाला.

दुओदाचं लग्न 824 साली आखेनच्या राजवाड्यात बर्नार्डशी झालं. हा पुढे सेप्टिमेनियाचा बर्नार्ड म्हणून ओळखला गेला. राजघराण्यातल्या भावाभावांत 841 साली फोंतनुआला लढाई झाली, तिच्यानंतर त्याने चौदा वर्षांच्या विल्यमला त्या भावांपैकी राजा चार्ल्सच्या दरबारी पाठवलं. निष्ठेची हमी म्हणूनच, ओलीस म्हण हवं तर. त्याच वर्षी मार्चमध्ये जन्मलेलं धाकटं बाळही नामकरणाआधीच नेलं. ही बाई दक्षिण फ्रान्समधल्या उझेसला एकटी. तिने विल्यमसाठी लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहायला घेतलं, 30 नोव्हेंबर 841 ते 2 फेब्रुवारी 843. त्यात ती विल्यमला सांगते, धाकट्यालाही हे वाचायला शिकव. पण त्या धाकट्याचं नाव काय ठेवलं हे तिला ठाऊक नाही. मीना, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

या पुस्तकाच्या शेवटाकडे ती मृतांची यादी देते. यांच्यासाठी प्रार्थना कर, असं मुलाला सांगते. विल्यम, कुनिगुंद, गेरबेर्गा, विटबुर्ग, थिओडोरिक, गोत्झेल्म, वार्नारिउस, रोथलिंदिस. आठ नावं. कोण कुणाचं कोण, ते लिहिलेलंच नाही; मुलाला ते माहीत होतं. आधीच्या एका प्रकरणात मात्र ती म्हणते, तुझ्या वडिलांच्या ज्या आप्तांनी त्यांना वारसाहक्काने मालमत्ता दिली, त्यांच्यासाठी प्रार्थना कर. म्हणजे या स्मरणाला जमीनजुमल्याचाही धागा आहे.

यातली काही नावं इतर कागदांशी पडताळता येतात. सासऱ्यांनी गेलोनला मठ स्थापला, त्याचं 804 सालचं दानपत्र आहे. गेलोन आणि आनियान या दोन मठांत पुढे वाद झाला, म्हणून या दानपत्राच्या मजकुरावर डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही. पण त्यात सासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या विल्यमच्या, दोन बायका आहेत, विटबुर्ग आणि कुनिगुंद. दोन्ही दुओदाच्या यादीत! त्यांच्या आईवडिलांची नावं थिओडोरिक आणि अल्दाना. आता अल्दाना ही राजा शार्लमेनचे आजोबा चार्ल्स मार्टेल यांची मुलगी होती असं अनेक वंशावळींत बिनदिक्कत छापतात. आधार एवढाच की 782च्या सॅक्सन मोहिमेच्या वृत्तांतात थिओडोरिक नावाच्या सरदाराला राजाचा, म्हणजे शार्लमेनचा, नातेवाईक म्हटलंय. तो हाच असेल, तर नातं कसलं, कुणाकडून? वृत्तांत पुढे काही बोलत नाही.

गेरबेर्गा जोगीण (नन) होती. 834 साली चार्ल्सचा सावत्र भाऊ लोथार याने तिला चेटकीण ठरवून दारूच्या पिंपात घालून सोन नदीत बुडवलं. त्याच वेळी गोत्झेल्मचं डोकं उडवलं. ही दोघं बर्नार्डची भावंडं. दुओदा त्यांची नुसती नावं लिहिते, बाकी एक शब्दही नाही.

राहिले वार्नारिउस आणि रोथलिंदिस. यांचा पत्ता दुसरीकडे कुठेच लागत नाही, म्हणून काहींनी त्यांना दुओदाचे आईवडील ठरवलं. मीही तेच केलं होतं. उरलेली नावं मोकळ्या जागेत बसवली, इतकंच. ती बर्नार्डची भावंडं असू शकतील, चुलत्यांपैकी कुणी असू शकतील. आणि यादी तर मुळात सासरच्या माणसांची दिसते.

एका शब्दापाशी मी तीन दिवस अडकले होते, तेही सांगते. यादीनंतर ती विल्यमला म्हणते, अरिबर्ट हे तुझे ‘अवुंकुलुस’, ते गेले की त्यांचंही नाव यात लिही. जुन्या लॅटिनमध्ये अवुंकुलुस म्हणजे मामा, काकाला ‘पात्रुउस’. मला वाटलं, सापडला दुओदाचा भाऊ! माहेरचं एक तरी माणूस! पण बर्नार्डला हेरिबर्ट नावाचा सख्खा भाऊ होता, 830च्या बंडात त्याचे डोळे काढले होते. आणि त्या काळापर्यंत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जात होते. मराठीत काका-मामाची गल्लत कुणी करणार नाही, म्हणूनच मी फसले. अरिबर्टला मी आता बर्नार्डच्या बाजूला घेतलंय, पेन्सिलीने.

पुस्तकात तिने स्वतःच्या थडग्यावर कोरायच्या ओळीही लिहून ठेवल्या आहेत. आद्याक्षरं जुळवली की तिचं नाव होतं. नवऱ्यासाठी काढलेलं कर्ज फेड, हेही ती मुलाला बजावते. ख्रिस्ती आणि ज्यू, दोघांकडून घेतलेलं. एवढं सगळं लिहिलं, पण मी अमक्याची मुलगी, हे कुठेच नाही. 844मध्ये बर्नार्डला देहदंड झाला, 850मध्ये विल्यमला बार्सिलोनात मारलं. धाकटा म्हणजे पुढचा बर्नार्ड प्लांतापिलोसा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ती रेघ मी तुटकच ठेवली आहे.

नवी प्रत सोबत पाठवतेय. दुओदाच्या वर मी काहीच काढलेलं नाही, कागद तिथे कोराच आहे. घडी घालताना तेवढी जागा चुरगळू देऊ नकोस.

तुझी,
शैला