बिनविम्याची गाडी आणि कागदावरची भरपाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपघाताची बातमी आली की वेग, हेल्मेट, दारू आणि रस्त्यावरचे खड्डे यांवर भरपूर लिहिले जाते. धडक देणाऱ्या गाडीचा विमा होता का, हे मात्र बातमीत क्वचितच असते. मी मोटार अपघाताचे दावे चालवणारी वकील आहे. पक्षकार समोर बसला की मी आधी हेच विचारते, कारण त्या घराला पैसे मिळणार की नुसता निकालाचा कागद, हे बहुतेक वेळा या एका उत्तरावर ठरते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या विम्याशिवाय, गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. तरीही देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांना विमा नाही, हे संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनेच नोंदवले आहे. यात दुचाकींचा भरणा मोठा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. ती मुदत संपते तेव्हा गाडी जुनी झालेली असते, कधी दोन हात फिरलेली असते, आणि नूतनीकरणाची आठवण कोणालाच राहत नाही. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये आहे. पहिल्यांदा पकडले गेल्यास दंड दोन हजार. तरी लोक हप्ता चुकवतात, कारण तपासणी होत नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते.

आता दुसऱ्या बाजूचे पाहा. दूध घालायला निघालेल्या माणसाला मागून मोटारसायकलची धडक बसते आणि घरचा कर्ता जातो. पत्नी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावते, काही वर्षांनी निकाल तिच्या बाजूने लागतो. विमा असता तर कंपनीने रक्कम न्यायालयात जमा केली असती. विमा नसला की आदेश निघतो तो मालकाविरुद्ध. मग निकालाच्या वसुलीसाठी न्यायालयात दरखास्त दाखल करायची, किंवा कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला पाठवायचा. तलाठी चौकशी करतो तेव्हा मालकाच्या नावावर सातबारा नसतो, घर वडिलांच्या नावे असते आणि तो स्वतः रोजंदारीवर जात असतो. त्या बाईच्या हाती व्याजासकट लिहिलेला आकडा राहतो, पैसा येत नाही. अशी प्रकरणे माझ्या कपाटात आहेत. त्यातल्या बायका आजही तारीख विचारायला येतात आणि मला त्यांना सांगण्यासारखे काही नसते.

जी गाडी विकून निदान थोडी रक्कम उभी राहिली असती, ती पंचनामा झाल्यावर सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मालकाच्या नुसत्या हमीपत्रावर, केव्हाच सुटलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने उषा देवी विरुद्ध पवन कुमार या प्रकरणात २०१८ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवले. मृत्यू किंवा दुखापतीच्या अपघातातली बिनविम्याची गाडी मालकाने भरपाईपुरते तारण दिल्याशिवाय सोडू नये. तारण न आल्यास तीन महिन्यांनी तिचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात जमा करावेत, हा दिल्लीतला नियम सर्व राज्यांनी आपल्या नियमांत आणावा, असा तो आदेश होता. जुन्या मोटारसायकलच्या लिलावातून फार काही येत नाही, हे मान्य. पण ट्रॅक्टर, टेम्पो, ट्रक यांचे तसे नाही. गाडी ठाण्यात अडकली की मालक नातेवाइकांकडून, सोसायटीकडून पैसे उभे करतो, हे मी पाहिले आहे. ऊसतोडीच्या हंगामात आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात हे फार जाणवते. इथे ट्रॅक्टरचा विमा असला तरी ट्रॉलीचा हप्ता भरलेला नसतो, आणि कंपनी नेमके त्यावरच बोट ठेवते.

कायद्यातली एक विसंगती तर मला फारच अन्यायाची वाटते. धडक देणारा पळून गेला आणि गाडीचा पत्ताच लागला नाही, तर कलम १६१ खाली मृताच्या कुटुंबाला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. तोच माणूस पकडला गेला आणि त्याचा विमा नसला, तर या योजनेतून काहीही नाही. २०२५ च्या योजनेतून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती दवाखान्यापुरती. बिनविम्याच्या गाडीने माणूस मारला गेला तर मोटार वाहन अपघात निधीतून कुटुंबाला आधी रक्कम द्यावी आणि शासनाने ती मालकाकडून वसूल करावी. वसुलीची यंत्रणा शासनाकडे आहे, त्या विधवेकडे नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांनी स्वतःची पॉलिसी उघडून पाहावी. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती धरलेली नसते. पत्नीला, मुलीला रोज मागे बसवून नेणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीत नसते. तिच्यासाठी वेगळा अपघात विमा जोडून घ्यावा लागतो. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा समोरच्याचा विमा असो वा नसो लागू होतो, पण तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठीच. परवान्याची मुदत संपलेली असेल तर तोही अडचणीत येतो. बँकेतून वर्षाला वीस रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा दोन लाखांचा आधार घरातल्या १८ ते ७० वर्षांच्या प्रत्येकाने घ्यावा.

गृह आणि परिवहन विभागाकडे माझी मागणी एवढीच आहे: गंभीर अपघातातली बिनविम्याची गाडी तारणाशिवाय सोडली जाणार नाही, असे लेखी आदेश प्रत्येक पोलीस ठाण्याला द्यावेत, आणि अशा किती गाड्या अडवल्या, किती लिलावात काढल्या, याची जिल्हावार माहिती दर तिमाहीस जाहीर करावी.

आपली नम्र,
एक वकील, सांगली