एक तळघर दिसते, दुसरे दिसत नाही

महोदय,

हिटलरच्या अखेरच्या दिवसांवर बेतलेले एक नाट्य नुकतेच दूरचित्रवाणीवर पुन्हा पाहिले. थरथरणारा डावा हात पाठीमागे दडवण्याची लकब नटाने इतकी हुबेहूब उचलली होती, की शेजारी बसलेल्या माझ्या नातीच्या तोंडून ‘बिचारा!’ असे निघून गेले. दोष तिचा नाही. अशा नाट्यांचा कॅमेरा बर्लिनमधल्या त्या जमिनीखालच्या बंकरमधून क्वचितच वर येतो, कारण ज्यांच्या आठवणींवर संहिता उभी राहते ती माणसे, म्हणजे ट्राउडल युंगे ही टंकलेखिका, अंगरक्षक, सेवक, सारी आतलीच होती.

२० एप्रिल १९४५ चा, हिटलरच्या छप्पन्नाव्या वाढदिवसाचा प्रसंग अशा नाट्यांत हमखास असतो. त्याच रात्री हॅम्बुर्गमधील बुलेनहुझर डाम येथील शाळेच्या तळघरात एसएस या नाझी निमलष्करी दलाच्या लोकांनी २० ज्यू मुलांना फाशी दिली. ती पाच ते बारा वर्षांची होती. नॉयेनगामेच्या छळछावणीत क्षयाचे जंतू टोचून त्यांच्यावर प्रयोग झाले होते आणि ब्रिटिश फौजा जवळ येताच पुरावा नको म्हणून त्यांना संपवण्यात आले. तळघर तेही होते, पण तिथून आठवणी लिहायला कोणी मूल उरले नाही.

हिटलर माणूस म्हणून रंगवू नये, असे मी म्हणणार नाही. हुकूम सोडणारी आणि पाळणारीही माणसेच होती. मात्र २९ एप्रिलच्या पहाटेचा विवाह सविस्तर दाखवताना, त्याच रात्री युंगेला सांगितलेल्या राजकीय मृत्युपत्रात त्याने युद्धाचे खापर ज्यूंवरच फोडले होते, हे ओझरते उरकले की करुणेचा तोल बिघडतो. आपल्याकडे तर कडक शिक्षकाला वर्गात सर्रास ‘हिटलर’ म्हणतात (मलाही म्हणत, आणि मला त्याचे थोडे कौतुकच वाटे!), शिवाय त्याचे आत्मचरित्र पदपथावर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले दिसते. अशा प्रेक्षकासमोर ते नाट्य पुढचेमागचे काही न सांगता सोडून देणे मला बेजबाबदार वाटते.

त्या वीसही मुलांची नावे आज नोंदलेली आहेत. वाहिनीने श्रेयनामावलीआधी ती मराठीत पडद्यावरून सरकवली, तर जाहिरातींच्या वेळेतला एक मिनिटही खर्च होणार नाही.

– एक निवृत्त शिक्षक, पुणे