माया आत ठेवलीय

मंगळवार पेठेत जिन्याखाली मशीन मांडून बसणाऱ्या काकींना,

काकी, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर "काय वं बाई, ह्यात काय लिवायचं?" म्हणून तुम्ही ते न वाचताच मापाच्या वहीत सरकवलं असतंत. म्हणून चारचौघांत लिहितेय. कुणीतरी वाचून दाखवेलच तुम्हाला. पाडव्याच्या आदल्या रविवारी तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गेल्या श्रावणात माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.३ टक्के आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या आईचे शेवटचे दिवस ह्या आजारात कसे गेले ते मी उशाशी बसून पाहिलंय. त्यामुळे रिपोर्ट हातात आला त्याच संध्याकाळी भात, भाकरी, चपाती, साखर, गूळ सगळं बंद केलं. अंडी, पनीर, मटण, पालेभाज्या, ताक. आपल्या कोल्हापुरात गुळाला आणि भाकरीला नाही म्हणणं किती जड जातं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. वजन तेव्हा ९३ किलो होतं. पहिल्याच महिन्यात पाच किलो उतरलं, संक्रांतीपर्यंत काटा ८१.४ वर आला. शाळेचे दोन जिने न थांबता चढायला लागले. वर्गात पोचल्यावर लगेच खडू हातात घेता यायला लागला.

आणि मग काटा थांबला. ८१.४, ८१.६, ८१.२, पुन्हा ८१.४. दोन महिने उलटले. तेच खाणं, तीच रंकाळ्याची सकाळची फेरी, आणि रोज सकाळी तोच आकडा.

ह्या दोन महिन्यांत मी कुणाकुणाकडे गेले ते ऐका. ज्याला तीन महिन्यांचे सहा हजार रुपये मोजले होते, त्या आहार सांगणाऱ्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, काटा खोटं बोलत नाही. तुम्ही काहीतरी लपवून खाताय." मी शेचाळीस वर्षांची बाई, बावीस वर्षं मुलांना गणित शिकवतेय, आणि मला चोरून खाल्ल्याचा आळ ऐकून घ्यावा लागला. एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. "तोंडावर ताबा ठेवा," एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. स्टाफरूममध्ये एकीनं विचारलं, "एवढी भाकरी सोडून शेवटी मिळवलंत काय?" तिच्या मनात वाईट नव्हतं, पण ते वाक्य रात्रभर डोक्यात फिरत राहिलं. मी रात्रीचं जेवण बंद केलं. दिवसातून तीनदा काट्यावर उभी राहायला लागले. केस गळायला लागले. घरात कुणाशी धड बोलत नव्हते.

अशा अवस्थेत त्या रविवारी मी तुमच्याकडे आले, तेही एका तुटलेल्या हुकासाठी. भाचीच्या लग्नाला हिरवी इरकल नेसायची होती आणि दिवाळीत घातलेल्या ब्लाउजचा मधला हूक निघाला होता. "हूक तेवढा लावून द्या," म्हटलं आणि पिशवी पुढे केली. तुम्ही म्हणालात, "आधी घालून दावा."

पडद्यामागून घालून आले. तुम्ही खांद्याजवळ दोन बोटं घातलीत, मुंढ्याचं कापड चिमटीत धरलंत आणि म्हणालात, "हूक कशाला लावायचा ह्याला? हे लोंबतंय की सगळं." मी म्हटलं, "नाही हो काकी, वजन अजिबात कमी झालेलं नाही. दोन महिने तिथंच आहे." एवढं बोलले आणि माझा आवाज फुटला. बाकावर एक मुलगी फॉल-पिकोसाठी साडी घेऊन बसली होती. तिच्यासमोर मी रडले.

तुम्ही काही विचारलं नाहीत. मशीनच्या खणातून रबर लावलेली ती लांब वही काढलीत, माझं पान शोधलंत, आणि गळ्यातला टेप काढून माझ्या कमरेला लावलात. मग छातीला. मग दंडाला. प्रत्येक वेळी आकडा मोठ्यानं म्हटलात आणि पेन्सिलीनं लिहिलात. नंतर वही माझ्याकडे फिरवलीत. संक्रांतीला काळ्या साडीवरचा ब्लाउज शिवला तेव्हाची ओळ होती: कंबर ३९. आज साडेसदतीस. दंडाचा घेर अर्ध्या इंचानं कमी. त्या आकड्यांवर अंगुस्ताना घातलेलं बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "काटा काय म्हनतोय ते काट्याला इचारा. माझा टेप काय म्हनतोय ते मी सांगतो."

काकी, त्या वहीत माझ्याबद्दल ना शाबासकी होती ना दोष. फक्त मापं होती, तुमच्या तिरक्या अक्षरात, तारखेसकट. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघितलं आणि जे दिसलं ते जसंच्या तसं सांगितलं.

पण ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते त्यानंतरचं आहे. तुम्ही ब्लाउज उसवलात, दोन्ही बाजूंनी टाचण्या लावल्यात, खडूची रेघ मारलीत. मी म्हटलं, "जास्तीचं कापून टाका काकी, आत बोचतं." तेव्हा तुमच्या हातात कात्री होती. तुम्ही ती बाजूला ठेवलीत. "कापत न्हाई. माया आत ठेवतो. पुन्ना लागली तर उसवून दीन, न्हाई लागली तर ऱ्हाऊ दे आत. कुनाला दिसतीया?"

आणि मशीनचं चाक फिरवलंत.

शिलाईच्या आत राखून ठेवलेल्या कापडाला माया म्हणतात हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आई बाजारातून फ्रॉक आणताना "माया किती सोडलीय?" असं विचारायची. त्या शब्दात काय आहे ते मला त्या दिवशी कळलं. बाकी सगळ्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती: वजन परत आलं तर तो तुमचा गुन्हा. तुम्ही मात्र ते परत येऊ शकतं हे आधीच धरून चाललात, त्यासाठी इंचभर जागा राखलीत, आणि माझ्याबद्दलचं तुमचं मत तसूभरही हललं नाही. हुकाचे दहा रुपये घेतलेत. आवळून दिल्याचे घेतले नाहीत.

त्या रात्री मी दोन महिन्यांनी पोटभर जेवले आणि झोपले. सकाळी काट्यावर न चढता वही घेऊन हिशेब मांडायला बसले. भीती गेली की डोकं चालायला लागतं.

पहिल्या महिन्यातले ते पाच किलो, ज्यासाठी त्या माणसानं माझं एवढं कौतुक केलं होतं, त्यात मोठा वाटा पाण्याचा होता. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत चार-पाचशे ग्रॅम साखरेचा साठा धरून असतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी. भात-भाकरी बंद केली की आधी तो साठा उतरतो आणि पाणीही जातं. दीड-दोन किलो नुसते असे जातात. पुढे तो वेग राहणारच नसतो. काट्याला चरबी, पाणी, स्नायू, पोटातलं अन्न ह्यातलं काही वेगळं ओळखता येत नाही. मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली, की एका दिवसात किलोभर इकडचं तिकडे होतं. माझ्या वयात तर पाळीचाही नेम राहिलेला नाही. हे त्या सहा हजारांत कुणी सांगायला नको होतं का?

दुसरं म्हणजे बारा किलो कमी झालेल्या शरीराला आधीएवढं इंधन लागत नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. जवळजवळ तेवढं ओझं मी श्रावणात शाळेच्या जिन्यावरून रोज वर नेत होते, आता नेत नाही. शिवाय कमी खायला लागलं की शरीर आपणहूनही थोडी काटकसर करतं. म्हणजे ज्या ताटानं श्रावणात वजन उतरत होतं, तेच ताट संक्रांतीनंतर जेमतेम आहे ते टिकवत होतं. वजन थांबण्यामागं बऱ्याचदा एवढंच असतं. त्यासाठी चोरून खावं लागत नाही.

आणि तिसरं, जे मला स्वतःलाच सापडलं: शेंगदाणे. त्या आहार सांगणाऱ्याच्या यादीत "हवे तेवढे" म्हणून लिहिले होते, कारण कार्ब्स कमी. मधल्या सुट्टीत दोन मुठी, संध्याकाळी एखादी. दोन मुठी म्हणजे साठेक ग्रॅम, त्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे दीड ज्वारीची भाकरी सहज. त्यात रविवारच्या तांबड्या रश्श्याचा वरचा कट, पांढऱ्या रश्श्यातले काजू आणि नारळाचं दूध, म्हशीच्या दुधाची साय. तुपा-तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी, पिठाच्या आणि साखरेच्या ग्रॅममध्ये साधारण चार. हे मी सातवीच्या मुलांना त्रैराशिकात घालून देऊ शकले असते, पण माझ्या ताटाला लावलं नव्हतं. कॅलरी जास्त जात होत्या हे खरं. लपवलं मात्र काहीच नव्हतं. जे यादीत होतं तेच खात होते. त्या माणसानं आळ घेण्याऐवजी "मुठी किती?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

शेंगदाणे आता मोजून वीस ग्रॅम. रात्रीचं जेवण परत चालू केलंय. काट्यावर आठवड्यातून एकदा, रविवारी. कमरेचं माप महिन्यातून एकदा. मे महिन्यात ८०.६ झालं, जूनअखेर ७९.७. साखर ५.८ वर आलीय. कमरेचं माप आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत असावं म्हणतात, म्हणजे साडेएकतीस इंच. अजून लांब आहे. मधे पुन्हा तीन आठवडे काटा हलला नाही, पण ह्या वेळी मी रडले नाही. हिरवा ब्लाउज घातला आणि आतून हात फिरवून तुमची ती दुहेरी शिवण चाचपली.

काकी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचं घर पाण्यात होतं. आम्ही एका शाळेत राहिलो होतो. कुठल्या कुठल्या गल्लीतून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या यायच्या, वर चटणी. देणाऱ्यांनी नाव विचारलं नाही, घरात किती माणसं खरी आहेत ते मोजलं नाही, लवकर का निघाला नाहीत म्हणून सुनावलं नाही. भाकरी गरम असायची. त्या रविवारी तुमच्या दुकानातून निघून मिरजकर तिकटीपर्यंत चालत आले तेव्हा मला त्या भाकऱ्यांची आठवण आली. आपल्याकडच्या लोकांची जीभ तिखट म्हणतात. असेल. पण समोरच्याची अडचण खरी आहे हे आधी धरायचं आणि बाकीचं मागून बघायचं, ही रीत मी इथंच पाहिली. शिकलेली, फी घेणारी माणसं ती विसरतात ह्याचं मला फार दुःख होतं. विश्वास ठेवायला पैसे पडत नाहीत.

लग्नात भाचीच्या सासूबाईंनी विचारलं, ब्लाउज कुठून शिवून घेता, फिटिंग फार छान आहे. मी तुमचा पत्ता दिलाय. आल्या असतील एव्हाना.

येत्या रविवारी निळी साडी घेऊन येते. नवीन ब्लाउज, बाही कोपरापर्यंत. माप सगळं नव्यानं घ्या आणि वहीत तारीख घाला. शिलाई मात्र ह्या वेळी पूर्ण घ्यायची, मागच्या कामासकट. आणि कापड मी अर्धा मीटर जास्तच आणतेय, आत ठेवायला.

तुमची,
रंकाळ्याकडची गणिताची बाई