रविवारची बैठक : विषय डेरिक बेल

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी १०.३० वाजता, नेहमीच्या खोलीत.

अमेरिकी कायदेपंडित डेरिक बेल (१९३०–२०११) यांची कारकीर्द सोडलेल्या पदांवरूनच जास्त कळते. १९५९मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कसंघटनेचं सभासदत्व सोडायला न्याय खात्याने सांगितलं, तेव्हा त्यांनी नोकरीच सोडली. मग नागरी हक्कांचे वकील थर्गूड मार्शल यांच्या हाताखाली शाळांमधलं वर्णविभाजन मोडण्याचे खटले. १९७१मध्ये ते हार्वर्ड लॉ स्कूलचे पहिले कृष्णवर्णीय कायम प्राध्यापक झाले आणि १९९०मध्ये तिथे एकही कृष्णवर्णीय स्त्री कायमपदी नाही म्हणून बिनपगारी रजेवर गेले. ती जागा अखेर गेलीच.

चर्चा मुख्यतः त्यांच्या १९८०च्या लेखावर होईल. शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा ब्राउन खटल्याचा निकाल गोऱ्यांच्याही हिताचा होता (शीतयुद्धात अमेरिकेची अब्रू राखायची होती), म्हणूनच तो लागला, असं बेल म्हणतात. मला हे बरंचसं पटतं. न पटणाऱ्यांनी तयारीनिशी यावं.

लेखाच्या झेरॉक्स वाचनालयाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. कृपया वाचूनच या, आणि प्रत वाचून झाली की पुढच्याला द्या.