बँडच्या सरांचे नाव कोणत्या फलकावर?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

२६ जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर पाच शाळांच्या संचलनाची छायाचित्रे आली होती. मी सध्या लेकीकडे, शिकागोजवळ नेपरव्हिलला आहे, पण पेपर रोज सकाळी मोबाइलवर वाचतो. ध्वजवंदन कोणी केले, अध्यक्ष कोण, पाहुणे कोण, सूत्रसंचालन कोणाचे, आभार कोणी मानले, सगळे छापून आले होते. पाचांपैकी तीन छायाचित्रांत सर्वांत पुढे मुलांचे बँडपथक होते. ते कोणी बसवले, हे मात्र एकाही ओळीत नव्हते. यात आपल्या वार्ताहरांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. शाळेने पाठवलेल्या मजकुरातच ते नाव नसणार. ते का नसते, हे मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

आठवी ते दहावी मी शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवला. आठवीत गेलो ते १९७२ साल, दुष्काळाचे. आमचे बँडचे सर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमधून निवृत्त होऊन गावी आले होते. शाळेत बँडशिक्षक असे पद नव्हते, म्हणून संस्थेने त्यांना प्रयोगशाळा परिचर म्हणून घेतले. दिवसभर ते परीक्षानळ्या धुवायचे, जार पुसून कपाटात लावायचे, आणि सकाळी सात ते नऊ मैदानावर आमचे सर असायचे. पहिले तीन महिने त्यांनी आम्हाला ड्रमला हात लावू दिला नाही. पेरूच्या फांद्या तासून केलेल्या काठ्या आणि मोडका बाक, एवढ्यावर शिकवले. डावा हात उजव्याइतकाच वाजला पाहिजे, म्हणून आठवडाभर नुसता डावा. ब्यूगल चिंच आणि राखेने घासायचे, पण त्या वर्षी धुवायला पाणी कुठले? सर ओल्या फडक्याने पुसायला लावत, आणि फडके पिळून निघालेले पाणी शाळेच्या कडुनिंबाला घालत.

सरांकडे एक जाड फुलस्केप वही होती. पलटणीत शिकलेल्या चाली त्यांनी देवनागरीत, आपल्या पद्धतीने लिहून काढल्या होत्या. कुठे डावा, कुठे उजवा, कुठे दम घ्यायचा, हे लाल पेन्सिलीने. पथकापुढे चालणाऱ्या ड्रम मेजरने हातातली काठी, म्हणजे मेस, वर नेली की कितव्या पावलाला खाली आणायची, तेही त्यात होते. ती वही आता कुठे आहे ते पुढे सांगतो.

नातू इथल्या हायस्कूलच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या कार्यक्रमाला गेलो, तेव्हा बँडच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या बँड डायरेक्टरांची छायाचित्रे पाहिली, प्रत्येकाखाली वर्षे. यातल्या किती जणांची माहिती आहे, असे मी नातवाला विचारले. त्याने एका जुन्या, काळ्या-पांढऱ्या छायाचित्राकडे बोट दाखवले. "आजोबा, आम्ही पहिलं मार्च वाजवतो ना, त्याच्या कागदांवर यांनीच पेन्सिलीनं खुणा केल्यात. झेरॉक्स काढून काढून त्या पुसट झाल्यात, पण आम्ही त्याच पाळतो." मुलगा सोळा वर्षांचा. त्या माणसाला त्याने कधी पाहिलेले नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी इथल्या सार्वजनिक वाचनालयात बसून या भागातल्या शाळांच्या बँडबद्दल वाचू लागलो. जे सापडले त्यातले थोडे आपल्या वाचकांना सांगतो.

नेपरव्हिलहून जवळच जोलिएट नावाचे गाव आहे. तिथल्या टाउनशिप हायस्कूलचा बँड १९१२ मध्ये ए. आर. मॅकअ‍ॅलिस्टर यांनी सुरू केला. शाळेत ते लाकूडकाम शिकवायचे. त्यांच्या पथकाने १९२६, १९२७ आणि १९२८ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. म्हणजे बँडसाठी वेगळा माणूस नसणे आणि दुसऱ्याच कामावर नेमलेल्या कोणीतरी तो उभा करणे, हे तिथेही होते. फरक इतकाच की जोलिएटने ते नाव जपले.

पण मन गुंतले ते शिकागोच्या दक्षिण भागातल्या ब्रॉन्झव्हिलच्या गोष्टीत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे पोटापाण्यासाठी आणि जीव वाचवण्यासाठी उत्तरेला आली, ती या वस्तीत दाटीवाटीने राहिली. शहरात इतरत्र त्यांना घर मिळत नसे. तिथल्या वेंडेल फिलिप्स हायस्कूलमध्ये १९२० च्या दशकात मेजर एन. क्लार्क स्मिथ बँड शिकवत. त्याआधी ते कॅन्सस सिटीच्या लिंकन हायस्कूलमध्ये होते. तिथे एकदा बास हे खर्जाचे वाद्य वाजवणारा मुलगा नव्हता, तेव्हा त्यांनी वॉल्टर पेज नावाच्या विद्यार्थ्याला बोलावून ते थोरले वाद्य त्याच्या हाती दिले. हाच पेज पुढे काउंट बेसीच्या गाजलेल्या जॅझ वाद्यवृंदाचा कणा झाला. शिकागोत एका वृत्तपत्राने पेपर विकणाऱ्या मुलांचा बँड काढला होता. तोही स्मिथ यांनीच घडवला, आणि त्यात ड्रम शिकलेला एक मुलगा म्हणजे पुढे जॅझमध्ये गाजलेला लायनेल हॅम्प्टन.

१९३१ मध्ये त्याच वेंडेल फिलिप्समध्ये कॅप्टन वॉल्टर डायेट आले. सैन्याच्या आठव्या रेजिमेंटच्या बँडचे प्रमुख म्हणून ते 'कॅप्टन'. हे वाचताना मला आमचे सरच डोळ्यांसमोर दिसत होते. १९३५ मध्ये जवळच शाळेची नवी इमारत झाली. पुढे तिला डूसाबल हायस्कूल असे नाव मिळाले. तिथल्या मूळ रहिवाशांनंतर शिकागोच्या जागी पहिल्यांदा कायमचे घर करून राहिलेल्या कृष्णवर्णीय माणसाचे ते नाव. डायेट तिथे गेले आणि पाव शतकाहून अधिक काळ त्यांनी मुले शिकवली. नॅट किंग कोल, जीन अ‍ॅमन्स, जॉनी ग्रिफिन, व्हॉन फ्रीमन, रिचर्ड डेव्हिस हे सगळे नामवंत जॅझ कलाकार त्यांच्या हाताखालून गेलेले. वाद्ये आणि गणवेश यांसाठी पैसे हवेत, म्हणून डायेट दरवर्षी विद्यार्थ्यांचा एक मोठा रंगमंचीय कार्यक्रम बसवत आणि तिकिटे लावत. शिस्त फार कडक. जॉनी ग्रिफिनला सॅक्सोफोन हवा होता, त्याला आधी क्लॅरिनेट घ्यावा लागला. आम्हालाही ड्रमआधी पेरूच्या काठ्याच मिळाल्या होत्या.

आता यातला धागा पाहा. १९४५ मध्ये ग्रिफिन शाळेतून बाहेर पडला आणि तीनच दिवसांत एका नामवंत वाद्यवृंदात वाजवू लागला. तो वाद्यवृंद लायनेल हॅम्प्टनचा. म्हणजे डायेट यांचा विद्यार्थी स्मिथ यांच्या विद्यार्थ्याकडे कामाला लागला. व्हॉन फ्रीमन शिकागो सोडून गेला नाही. २०१२ मध्ये वारेपर्यंत तो दक्षिण भागातल्या तरुण वादकांना जवळ घेऊन, सोबत वाजवून शिकवत राहिला. रिचर्ड डेव्हिस १९७७ पासून जवळजवळ चाळीस वर्षे विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक होता. एका शाळेच्या बँडच्या खोलीत सुरू झालेली शिकवणी किती घरांत पोहोचली, याची मोजदाद कशी करायची?

आपल्याकडचा एक दुवा सांगितल्याशिवाय राहवत नाही. डायेट तरुणपणी शिकागोच्या व्हेंडोम थिएटरात अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. त्याच वाद्यवृंदातला टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पथकात वाजवणाऱ्यांत आपले गोव्याचे वादक होते. त्यांचे सूर पक्के झाले होते ते गावच्या चर्चमधल्या मेस्त्रीच्या, म्हणजे संगीत शिकवणाऱ्या गुरूच्या, हाताखाली, लहान वयात. ज्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे, आणि त्यांचे वडीलच गावचे मेस्त्री. वादकांची नावे आपण घेतो. मेस्त्रींची नावे गोव्याबाहेर किती जणांना सांगता येतील?

डिसेंबरात जावयांनी मला ब्रॉन्झव्हिलला नेले. डूसाबलची इमारत अजून उभी आहे. शहराने २०१३ मध्ये तिला वारसा वास्तूचा दर्जा दिला. आत आता वेगळ्या शाळा भरतात. थंडी इतकी होती की दहा मिनिटांच्या वर बाहेर थांबता आले नाही. मी कानटोपी काढून उभा राहिलो, जावई गाडीतून काळजीने बघत होते.

तिथून आम्ही वॉशिंग्टन पार्कला गेलो. १९७२ मध्ये, म्हणजे मी आठवीत गेलो त्याच वर्षी, तिथे नवी शाळा निघाली आणि तिला वॉल्टर डायेट यांचे नाव दिले गेले. एका बँड मास्तराचे नाव अख्ख्या शाळेला! पुढे शहराच्या शिक्षण मंडळाने ही शाळा टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले. २०१५ मध्ये तिथले पालक, आज्या आणि कार्यकर्ते उपोषणाला बसले. ते उपोषण ३४ दिवस चालले. २०१६ मध्ये शाळा पुन्हा उघडली, ती कलांचे हायस्कूल म्हणून, डायेट यांचेच नाव घेऊन.

आता आमच्या शाळेचे. २०१९ मध्ये शाळेचा अमृतमहोत्सव झाला. देखणी स्मरणिका निघाली, मी स्वतः वर्गणी दिली होती. मुख्याध्यापकांची छायाचित्रे, संचालक मंडळ, देणगीदार, गुणवंत विद्यार्थी, आजी-माजी शिक्षकांची संपूर्ण यादी. बँडचे छायाचित्र रंगीत, पूर्ण पानभर. सरांचे नाव कुठेच नाही. मी विचारले, तेव्हा मिळालेले उत्तर अगदी सरळ होते: यादी सेवापुस्तकांवरून केली, आणि सर शिक्षक नव्हते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या यादीला जागा उरली नाही म्हणून ती गाळली. कोणाच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी जाणतो. तरीही त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. वीस-बावीस वर्षे पहाटे उठून ज्यांनी शाळेला पावले टाकायला शिकवले, ते कागदावर परीक्षानळ्या धुणारेच राहिले.

सर निवृत्त झाल्यावर काही वर्षे खेळाच्या शिक्षकांनी बँड चालवला. मग ड्रम गोदामात गेले. आता संचलनाला स्पीकरवर गाणे लावतात. प्रजासत्ताक दिनानिमित्त हल्ली देशपातळीवर शालेय बँड स्पर्धा होते, ब्रास आणि पाइप बँडच्या गटांत मुलामुलींची पथके दिल्लीला जातात. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी तिथे जावे असे मला मनापासून वाटते. पण शिकवणारा टिकला तर पथक टिकणार. त्याला निदान बँडशिक्षक म्हणून नेमावे, मानधन द्यावे आणि त्याची नोंद ठेवावी, एवढे तरी संस्थांनी करावे.

आणि त्याआधी एक अगदी थोड्या खर्चाचे काम करता येईल. प्रत्येक शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापकांच्या नावांचा लाकडी फलक असतो. तसाच एक छोटा फलक बँड ठेवतात त्या खोलीबाहेर लावावा. ज्यांनी ज्यांनी पथक शिकवले त्यांची नावे आणि वर्षे त्यावर लिहावीत, मग ते कागदावर शिपाई असोत, परिचर असोत की खेळाचे शिक्षक. आपल्या दैनिकानेही पुढच्या १५ ऑगस्टला संचलनाच्या छायाचित्राखाली बँड बसवणाऱ्याचे नाव शाळेकडून मागून घ्यावे, अशी हात जोडून विनंती आहे.

आमच्या सरांचे नाव मी इथे लिहिलेले नाही. त्यांच्या पत्नी हयात आहेत, ८८ वर्षांच्या. त्यांना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "पेपरात नको बाबा. साळंत लिवा, साळंत. तितं त्यास्नी बरं वाटंल." शाळेला मी स्वतंत्र पत्र पाठवले आहे, आणि फलकाचा खर्च मी देणार आहे.

ती वही त्यांच्याच घरी निघाली, धान्याच्या कणगीवर ठेवलेल्या ट्रंकेत. निम्मी पाने वाळवीने खाल्ली आहेत. सरांच्या नातवाने उरलेल्या पानांचे फोटो मला पाठवले. माझ्या नातवाने आणि मी मिळून त्यातली एक चाल इथल्या लिपीत उतरवायला घेतली आहे. सतराव्या मात्रेनंतर ओळ तुटते, आणि पुढचे मला हातांनी आठवते पण सांगता येत नाही, म्हणून मी टेबलावर वाजवतो आणि तो लिहून घेतो.

एप्रिलमध्ये मी परत येतोय. १९६६ ते १९८८ या काळात आमच्या बँडमध्ये असलेल्या कोणाला त्या वहीतल्या चाली आठवत असतील, किंवा सरांचे गणवेशातले छायाचित्र कोणाकडे असेल, तर कृपया आपल्या जिल्हा कार्यालयात कळवावे. माझा पत्ता आपल्याकडे आहे. ब्यूगल वाजवणारे कोणी असतील तर फारच बरे होईल, कारण त्या वहीत ब्यूगलची पाने एकही उरलेली नाहीत.

आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली जिल्हा
(सध्या मुक्काम नेपरव्हिल, शिकागोजवळ)