इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांनी दुसरी भाषा का शिकावी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशा देशांतील मुलांनी आणखी एखादी भाषा शिकण्यात वेळ घालवण्याचे आता कारण उरलेले नाही, कारण सारे जग त्यांची भाषा शिकतेच आहे आणि उरलेसुरले काम मोबाइल करतो, असे मत आपल्या रविवारच्या अंकातील परदेशी शिक्षणावरच्या लेखात मांडले गेले आहे. मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत एकतीस वर्षे मराठी आणि हिंदी शिकवले असून गेले पाच महिने मुलीकडे इंग्लंडमध्ये मुक्कामाला आहे. लेखातील हे मत मला मुळीच पटले नाही आणि ते मुलांचे नुकसान करणारे आहे असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

इंग्लंडमधील परिस्थिती आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. तेथील सरकारी शाळांत सोळाव्या वर्षापर्यंत एक परकी भाषा शिकणे बंधनकारक होते. २००४ पासून हे बंधन चौदाव्या वर्षीच संपते. त्याचा परिणाम लगेच दिसला. या शतकाच्या सुरुवातीला दर चार मुलांपैकी तीन मुले सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेला एखादी परकी भाषा घेत असत, ते प्रमाण २०११ पर्यंत शंभरात चाळीसच्या आसपास आले. पुढे २०१४ पासून सात ते अकरा वर्षांच्या मुलांना भाषा शिकवणे सक्तीचे केले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पाया खणून घ्यायचा आणि भिंती उभ्या राहू लागल्या की गवंड्याला घरी पाठवायचे, असा हा कारभार आहे. अठराव्या वर्षीच्या ए-लेव्हल परीक्षेला जर्मन घेणारी मुले नव्वदच्या दशकात दहा हजारांच्या आसपास असत, आता ती तीन हजारांच्याही आत आली आहेत. भरमसाट फी घेणाऱ्या खासगी शाळांत मात्र भाषा घेणाऱ्या मुलांचे प्रमाण आजही सरकारी शाळांपेक्षा बरेच जास्त आहे. भाषा निरुपयोगी असती, तर पैसेवाल्यांनी ती आपल्या मुलांसाठी जपून ठेवली नसती.

माझी नात सध्या त्याच वळणावर उभी आहे. पुढच्या दोन वर्षांचे विषय निवडण्याचा तक्ता शाळेतून आला, तो आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून बसलो होतो. एका रकान्यात जर्मन आणि संगणकशास्त्र शेजारी शेजारी छापलेले, दोन्हींतले एकच घ्यायचे. जावईबापूंचे म्हणणे असे की, बर्लिनमध्येही ऑफिसात इंग्रजी चालते, मग जर्मन घेऊन करायचे काय? त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे हे मी नाकारत नाही. हॉलंडमधल्या मुलाला कोणती परकी भाषा शिकावी हा प्रश्नच पडत नाही, त्याचे उत्तर इंग्रजी हे ठरलेले असते. इंग्रज मुलापुढे मात्र पाच-सहा भाषा असतात आणि त्यांपैकी कोणती उद्या उपयोगी पडेल हे कुणीच सांगू शकत नाही. केवळ नोकरीच्या हिशेबाने मोजायचे ठरवले, तर भाषा हा विषय संगणकशास्त्रापुढे टिकणार नाही.

पण त्या टेबलावर आणखी एक गोष्ट घडली. जेवणाची भांडी मांडता मांडता नात म्हणाली, “आजोबा, जर्मनमध्ये चमचा तो, काटा ती आणि सुरी ते.” मी विचारले, मराठीत काय? ती थांबली. मग सावकाश म्हणाली, तो चमचा, ती सुरी, ते ताट. ही मुलगी लहानपणापासून “माझी चमचा कुठे आहे” असे म्हणत आली, आम्ही प्रत्येक वेळी सुधारत आलो आणि तिला तो घरच्यांचा हट्ट वाटत आला. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरभर फिरून एकेका वस्तूला हात लावत राहिली: ती बादली, ते लाटणे, तो फ्रीज, ते कपाट. आणि शेवटी तिने विचारले की, मग इंग्रजीत असे का नाही? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही जर्मनसारखी तीन लिंगे होती आणि ती पुढे गळून पडली, हे मी सांगितले तेव्हा तिचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना विचारून आल्यावरच तिने ते मान्य केले. जर्मन शिकू लागल्यावर तिला मराठी नव्याने दिसली आणि जी भाषा ती जन्मापासून बोलते त्या इंग्रजीबद्दलही पहिल्यांदा प्रश्न पडला. एकाच भाषेत वाढलेल्या मुलाला तो पडणे फार अवघड आहे, कारण आपली भाषा हीच जगाची रीत असे ते धरून चालते.

मोबाइलच्या भाषांतराबद्दल मी हेच म्हणेन. रस्ता विचारायला, औषधाच्या पुडीवरचे वाचायला ते उत्तम आहे, मीही रोज वापरतो. परंतु आपण निघालो आहोत आणि आम्ही निघालो आहोत, या दोन वाक्यांत समोरच्या माणसाला बरोबर घेतले की दाराशी उभे ठेवले, एवढा फरक आहे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. मोबाइल त्यांतला एक आपल्या मनाने निवडतो आणि निवड झाली हेच बोलणाऱ्याला कळत नाही. ज्याने दुसरी कोणतीही भाषा, मग ती मराठी नसली तरी चालेल, थोडीफार झटून शिकली आहे, तो निदान थांबून विचारतो की, यात काही हरवले तर नाही ना?

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्स मिळून सहा लाखांहून अधिक लोकांनी पोलिश ही आपली मुख्य भाषा सांगितली. त्याखालोखाल रोमानियन, पंजाबी आणि उर्दू यांचा क्रम लागतो. दवाखान्यात मी माझी पाळी येण्याची वाट पाहत असताना, एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा आईचे दुखणे खिडकीपलीकडच्या बाईंना इंग्रजीत समजावून सांगत होता. ते रोमानियाचे, हे त्यानेच मला नंतर सांगितले. एका शब्दाशी तो अडला, आईकडे वळला, तिने बरगडीखाली हात ठेवून दाखवला, आणि त्याने आपल्या बरगडीखाली हात ठेवून वाक्य पुरे केले. वयाच्या मानाने मोठी जबाबदारी तो पार पाडत होता आणि खरे पाहता ती त्याच्यावर पडायला नको होती. मात्र त्याच्या या कौशल्याला प्रगतिपुस्तकात रकाना नाही, आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या इंग्रज मुलाला त्याच्या भाषेतला एक शब्दही कुणी शिकवत नाही. पोलिश, पंजाबी, उर्दू, गुजराती, बंगाली या भाषांची जीसीएसई परीक्षा आहे. परंतु ती देतात मुख्यतः ज्यांच्या घरी ती भाषा बोलली जाते तीच मुले. (आपली मराठी त्या यादीत नाही, ती मंडळांच्या सुटीच्या दिवशीच्या वर्गांवर आणि आईवडिलांच्या चिकाटीवर तग धरून आहे.) कोणती भाषा शिकावी हा प्रश्न इंग्रज मुलाला खरोखरच सुटत नसेल, तर त्याने ती आपल्या गल्लीतून निवडावी, असे मी सुचवेन.

“इंग्रजांना भाषा जमतच नाहीत” हे वाक्य मी येथे अनेकदा ऐकले, तेही इंग्रजांच्याच तोंडून. मराठी माणसाने तरी ते खरे मानू नये. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे मराठीतील ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातील शब्द साठ हजारांच्या घरात गेले आणि आजही एखादा जुना शब्द अडला की आपण त्याकडेच वळतो. एकाचा हेतू धर्मप्रसाराचा होता, दुसरा राज्यकर्त्यांच्या सोयीतून निघाला होता, आणि कोशामागे आपल्या शास्त्रीमंडळींचे अपार कष्ट होते, हे विसरून चालणार नाही. तरीही ही माणसे मोठ्या वयात आपली भाषा शिकली. तेव्हा गरज वाटत होती, आता वाटत नाही, इतकाच फरक आहे. शेजारच्या वेल्समध्ये सोळाव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाला वेल्श शिकावी लागते आणि त्यामुळे त्यांचे इंग्रजी कच्चे राहिल्याचे कुणी म्हणत नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांना म्हणूनच माझी विनंती आहे की, मुलांच्या शाळेतून असा तक्ता आला तर भाषेवर काट मारण्याआधी एक दिवस थांबावे, आणि मुलाला त्या भाषेतून काय नवे दिसले हे त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावे. आमच्या घरी दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी जर्मनसमोर खूण झाली. संगणकाचे शनिवारच्या वर्गात शिकायचे असे बापलेकीत ठरले. मात्र शाळेने कळवले आहे की, पुरेशी मुले आली तरच जर्मनचा वर्ग निघेल. आतापर्यंत अकरा नावे आली आहेत. नात रोज मधल्या सुटीत मैत्रिणींना चमच्या-काट्याची गोष्ट सांगून बारावे नाव शोधते आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा
(सध्या मुक्काम इंग्लंड)