शेवटच्या रांगेचा विचार कोण करणार?

संपादक महोदय,

कालच्या क्रीडापानावरील फॉर्म्युला वनच्या स्टार्टविषयीचा लेख वाचून अस्वस्थ झालो. इंजिनात जादा हवा दाबणारा टर्बो छोटा, म्हणजे लवकर वेग घेणारा, निवडणाऱ्यांनी नियम नीट वाचले, इतरांनी वाचले नाहीत, तेव्हा त्यांनी आता स्टार्टपूर्वी जादा सेकंदांची मागणी करू नये, असा लेखकाचा एकूण सूर आहे. इंजिनाच्या रचनेपुरते ते मलाही मान्य आहे. पण ग्रिडवर, म्हणजे स्टार्टच्या रांगांत, एखादी गाडी जागीच खिळून राहिली, तर त्याची किंमत तिचा अभियंता मोजत नाही. मागून येणारा चालक मोजतो.

13 जून 1982 रोजी माँट्रियालला पोलवरची, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरची, डिडिए पिरोनीची फेरारी बंद पडली. त्याने हात वर केला, मागच्या बहुतेकांनी कशीबशी बगल दिली. परंतु 23व्या स्थानावरून सुटलेल्या रिकार्दो पालेत्तीला पुढच्या गर्दीतून ती वेळेत दिसली नाही आणि तोवर त्याच्या ओसेला गाडीने चांगलाच वेग घेतला होता. धडकेनंतर इंधनाने पेट घेतला. पिरोनी स्वतः मदतीला धावला, पण पालेत्ती वाचला नाही. त्याचा 24वा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. लेखात या घटनेचा साधा उल्लेखही नसावा, याचे मला वाईट वाटते.

2014 ते 2025 या काळात एमजीयू-एच ही विद्युत मोटर टर्बोला फिरता ठेवत असे. 2026 पासून ती काढून टाकल्याने टर्बोला वेग द्यायला उरला तो केवळ एक्झॉस्टचा झोत, आणि त्यासाठी ग्रिडवर उभे राहून इंजिन बराच वेळ चढ्या फेऱ्यांवर धरावे लागते. पहिल्या रांगेतल्यांना हा वेळ आपोआप मिळतो. आजवरच्या पद्धतीत शेवटची गाडी मात्र जागेवर येते न येते तोच मागे हिरवा झेंडा हलत असे आणि स्टार्टचे पाच लाल दिवे एकामागून एक लागू लागत. शेजारच्या दोन गाड्यांपैकी एक उसळून निघते आणि दुसरी रेंगाळते, धोका नेमका इथे आहे. शिवाय चाकांना जोर देणारी 350 किलोवॅटची एमजीयू-के ही विद्युत मोटर गाडीत असूनही ताशी 50 किलोमीटरचा वेग येईपर्यंत ती स्टार्टला वापरता येत नाही. निदान अडकलेल्या गाडीपुरती ही अट शिथिल करता येईल. सुरक्षेसाठी नियम बदलताना एफआयए या नियामक संस्थेला संघांच्या एकमताची गरज नसते, हेही लेखकाने सांगायला हवे होते.

आणखी एक. लेखासोबत छापलेले झोऊ ग्वान्यूच्या उलटलेल्या गाडीचे छायाचित्र 2022च्या सिल्व्हरस्टोन शर्यतीचे आहे. तो अपघात पहिल्या वळणाकडे जाताना चालत्या गाड्यांच्या टक्करीतून झाला, ग्रिडवर बंद पडलेल्या गाडीमुळे नव्हे. कृपया तशी दुरुस्ती छापावी.

आपला,
एक नियमित वाचक